आधी इंजिनाच्या पोटात डोकावा, मग ताकद वाढवा

या वेळच्या पत्रांत पोर्शे ९११ चीच पत्रं जास्त आहेत. मला आनंदच आहे. पोर्शेच्या त्सुफनहाउझेनच्या कारखान्यापासून मी वीस मिनिटांवर राहते, गेली अठरा वर्षं श्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गॅरेजात गाड्यांची इंजिनं उघडते आणि माझी स्वतःचीही एक ९११ आहे. तेव्हा लिहिते ते हाताला तेल लागून कळलेलं आहे.

प्रश्न : ताई, मी मूळचा नाशिकचा, सध्या ब्योब्लिंगनला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तीन वर्षं पैसे साठवले. आता २००६ ची ९११ करेरा एस (९९७ या पिढीची) बघून ठेवलीय. मॅन्युअल गिअर, १,१२,००० किमी. विकणारा म्हणतो, चिप ट्यूनिंग केलं की ३५५ चे ४०० हॉर्सपॉवर होतील. घ्यावी का? आणि ट्यूनिंग करावं का?

आधी ट्यूनिंगचं, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलण्याचं सांगते, कारण ते लवकर संपतं. करू नकोस. तुझ्या गाडीचं ३.८ लिटरचं इंजिन बिनटर्बोचं आहे. बाहेरची हवा ते स्वतःच्या दमावर ओढतं. टर्बो इंजिनात सॉफ्टवेअरने हवेचा दाब वाढवता येतो, म्हणून तिथे चिपचा फरक ठसठशीत दिसतो. इथे वाढवायला दाबच नाही. फार तर दहा-पंधरा हॉर्सपॉवर मिळतील, तेही वरच्या आरपीएमला. याच गाडीसाठी कारखान्याची स्वतःची पॉवर किट होती, एक्स५१ नावाची. तिने ३५५ चे ३८१ व्हायचे. त्या २६ हॉर्सपॉवरसाठी पोर्शेला सिलिंडर हेड, इनटेक मॅनिफोल्ड आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बदलावे लागले. ज्यांनी इंजिन बनवलं त्यांना एवढा खटाटोप पडला, तर लॅपटॉप जोडून अर्ध्या तासात ४५ कुठून येणार?

शिवाय जर्मनीत इंजिनाची ताकद बदलली आणि ती तपासून घेऊन गाडीच्या कागदांवर चढवली नाही, तर गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच रद्द होतो. विम्याला कळवलं नसेल आणि अपघात झाला, तर विमा कंपनी तुझ्याकडून पैसे वसूल करू शकते. तुझ्या आधीच्या मालकाने असं काही केलंय का, तेही विचार. कागदांवरचा आकडा आणि गाडीतलं सॉफ्टवेअर दोन्ही जुळायला हवं.

आता घेण्याबद्दल. इथे मी थोडी लांबण लावणार आहे.

२०१४ साली मी अशीच गाडी घेतली. २००६ चीच, चंदेरी, ९४,००० किमी. विकणाऱ्याने एका गॅरेजचा तपासणीचा कागद दिला, त्यावर ‘इंजिन निर्दोष’ लिहिलं होतं. मी त्या वेळी दुसऱ्या प्रकारच्या इंजिनांवर काम करत होते, या इंजिनाची खोड मला ठाऊक नव्हती. कागदावर विश्वास ठेवला. आठ महिन्यांनी उजव्या बाजूने टिक-टिक यायला लागली. घड्याळासारखी, अगदी बारीक. माझे बाबा इचलकरंजीला ट्रकची इंजिनं करायचे. ते लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला लावायचे, मूठ कानाच्या मागच्या हाडाला टेकवायचे आणि डोळे मिटायचे. मीही तसंच केलं. आवाज इंजिन तापल्यावरही जाईना. तेल ९०० किमीला एक लिटर संपत होतं. एका बाजूचा टेलपाइप दुसऱ्यापेक्षा काळा पडला होता.

स्पार्क प्लग काढून एंडोस्कोपचा कॅमेरा आत सोडला. पहिले पाच सिलिंडर कसे हवेत? राखाडी, मऊ चमक असलेले, पुसलेल्या पाटीसारखे. सहाव्यात पिस्टन खाली नेला आणि भिंतीवर उभे ओरखडे दिसले. मांजराने पंजा मारावा तसे शेजारी शेजारी. नख लावता येत नव्हतं, पण लागलं असतं तर अडकलं असतं एवढे खोल.

याला बोअर स्कोअरिंग म्हणतात. या इंजिनांत सिलिंडरची भिंत सिलिकॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियमची आणि पिस्टनही ॲल्युमिनियमचा, मध्ये पिस्टनवर एक पातळ लेप. तो लेप झिजला की ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम घासायला लागतं आणि दोघं एकमेकांना फाडतात. थंड इंजिन जोरात पळवलं, जुनं तेल तसंच ठेवलं, गळक्या इंजेक्टरने भिंतीवरची तेलाची फिल्म धुतली गेली की हे लवकर होतं. बहुतेकदा उजव्या बाजूला आणि सहाव्या सिलिंडरपासून सुरुवात. माझं इंजिन पूर्ण उघडून सहाही सिलिंडरना आतून नव्या लायनर, म्हणजे नव्या भिंती बसवल्या. १४,००० युरो गेले. ती गाडी अजून माझ्याकडे आहे, आणि तेव्हापासून मी हीच इंजिनं शिकले.

म्हणून तुला अट घालते : एंडोस्कोप लावल्याशिवाय एक युरोही देऊ नकोस. सहाही सिलिंडर, पिस्टन अगदी खाली असताना, आणि फोटो तुझ्या हातात. विकणारा ‘गरज नाही’ म्हणाला, तर नमस्कार करून घरी ये.

दुसरं, इंजिनाच्या कॉम्प्युटरमधून ओव्हर-रेव्हचा, म्हणजे इंजिन मर्यादेपेक्षा जास्त वेगाने फिरल्याचा अहवाल काढून घे. मॅन्युअल गाडीत चौथ्यातून पाचवा टाकताना चुकून तिसरा पडला, तर चाकं इंजिनाला ओढून नेतात आणि रेव्ह लिमिटर काही करू शकत नाही. असं किती वेळा झालं आणि कितव्या तासाला, हे कॉम्प्युटर आरपीएमच्या चढत्या सहा पट्ट्यांत लिहून ठेवतो. खालच्या पट्ट्यांत थोडे आकडे असतात, त्याने घाबरू नकोस. पाचव्या-सहाव्या पट्टीत अलीकडच्या तासांची नोंद असेल तर गाडी सोड.

आयएमएस बेअरिंगबद्दल, म्हणजे इंजिनातल्या मधल्या शाफ्टच्या बेअरिंगबद्दल तू वाचलं असशील. आधीच्या पिढीत, ९९६ मध्ये, त्याने पुष्कळ इंजिनं घालवली. २००६ च्या गाडीत मोठं बेअरिंग असतं आणि ते क्वचितच दगा देतं. मात्र इंजिन दोन भागांत उघडल्याशिवाय ते बदलता येत नाही. २००५ च्या सुरुवातीच्या काही गाड्यांत लहान बेअरिंग आहे, त्यांचा इंजिन नंबर बघावा लागतो. एवढं पुरे.

हे सगळं ठीक निघालं, तर घे. मनापासून सांगते, घे. पैसे उरले तर टायर, व्हील अलाइनमेंट, ब्रेक फ्लुइड आणि सस्पेन्शनचे झिजलेले बुश यांवर घाल. साइडवॉलवर एन० किंवा एन१ असा छाप असलेले टायर पोर्शेने तपासलेले असतात. पुढे २३५, मागे २९५ रुंदीचे. एवढ्या जुन्या गाडीला ताजे टायर दिले आणि चाकांचं अलाइनमेंट नीट जुळवलं की ती अशी वळते, की तुला त्या ४५ हॉर्सपॉवरची आठवणही होणार नाही. आणि सकाळी गाडी काढलीस की तेल ८० अंशांवर जाईपर्यंत आरपीएमचा काटा ३,००० च्या वर नेऊ नकोस. पाणी आधी तापतं, तेलाला दुप्पट वेळ लागतो. डॅशबोर्डवर दोन्हींचे वेगळे काटे दिलेत.

प्रश्न : नमस्कार ताई. मी कोथरूडची. मुलगा श्टुटगार्टला नोकरीला आहे. त्याने पंधरा-सोळा वर्षांची जुनी पोर्शे घेतलीय. आमच्या घरात एवढी महाग वस्तू कधी आली नाही. पैसे पाण्यात गेले असं ह्यांना वाटतं. मुलगा म्हणतो, परत येताना गाडी पुण्याला आणेन. तसं करता येतं का? आणि तिचा खर्च त्याला झेपेल का?

काकू, आधी गाडी पुण्याला आणण्याचा प्रश्न. आणता येणार नाही. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि स्टिअरिंग उजव्या बाजूला हवं. त्याच्या गाडीत दोन्ही बसत नाही. हे त्याला आताच सांगा. ही गाडी जर्मनीत वापरायची, जर्मनीत विकायची, असं धरूनच त्याने हिशोब मांडावा.

हिशोब तुम्ही समजता तेवढा भयंकर नाही. वरच्या पत्रातल्यासारख्या, २००६ च्या ३.८ लिटरच्या गाडीला रस्ता कर वर्षाला २६३ युरो पडतो. इथे ‘हंगामी’ नंबर प्लेट मिळते. प्लेटच्या उजव्या कडेला ०४ आणि १० असे आकडे एकाखाली एक असतील, तर गाडी एप्रिल ते ऑक्टोबर रस्त्यावर. कर आणि विमा त्या सात महिन्यांचाच, म्हणजे कर दीडशेच्या आसपास. उरलेले पाच महिने ती खासगी जागेत उभी राहायला हवी, रस्त्याच्या कडेलाही नको. हिवाळ्यात इथे रस्त्यावर मीठ टाकतात, त्यापासूनही ती वाचते. दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी असते.

खरा खर्च दुरुस्तीचा. त्यासाठी वर्षाला दोन-अडीच हजार युरो त्याने वेगळे ठेवावेत आणि त्याला हात लावू नये. काही कामं त्याला स्वतः करता येतील. पुढच्या बंपरमध्ये दोन्ही बाजूंना रेडिएटर आहेत, तिथल्या जाळीतून पानं आत जातात, भिजतात, कुजतात आणि एसीचा कंडेन्सर खातात. शरद ऋतूत व्हॅक्यूम क्लीनरची नळी लावून ती पानं ओढून काढायची. मी दर वर्षी एक पिशवीभर काढते. खाली काळा चिखल झालेला असतो, त्याला चहापत्तीसारखा वास येतो. हिवाळ्यात बॅटरीला चार्जर लावून ठेवायचा. या गाडीची बॅटरी पुढच्या डिकीत असते आणि बॅटरी उतरली की डिकीच उघडत नाही. मग ड्रायव्हरच्या पायाजवळच्या फ्यूज बॉक्समधून लाल टोक बाहेर ओढून बाहेरचा करंट द्यावा लागतो.

काकांना एक सांगा. नवी गाडी शोरूममधून बाहेर पडली की तिची किंमत घसरते. ही गाडी तो उतार केव्हाच उतरून आलीय. सर्व्हिसचे कागद सांभाळले, तर तो विकेल तेव्हा बरेचसे पैसे परत येतील. तुम्ही इकडे आलात तर त्याच्या शेजारी बसून एकदा ब्लॅक फॉरेस्टमधून फिरून या. मागे बसू नका, मागच्या सीटवर शाळेचं दप्तरच मावतं.

प्रश्न : ताई, आम्ही दोघं भाऊ ड्युसेलडॉर्फला राहतो. धाकट्याकडे ९९७ टर्बो आहे, मॅन्युअल. त्याने मात्र रीमॅप (चिप ट्यूनिंग) करून कागदांवर चढवून घेतलंय, ५३० हॉर्सपॉवर. सप्टेंबरात नुर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लायफ या रेस-ट्रॅकवर जायचं ठरवतोय. काय तयारी करावी?

टर्बोचं इंजिन वेगळ्याच घराण्यातलं आहे. हान्स मेट्झगर यांच्या रेसिंगच्या परंपरेतलं, १९९८ ला ला मॉंची शर्यत जिंकलेल्या जीटी१ या रेसिंग गाडीशी नातं सांगणारं. मघाशी सांगितलेली सिलिंडरची खोड त्याला नाही. त्याची खोड दुसरी : कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे काही पाइप कारखान्यात गोंदाने चिकटवलेले आहेत. जुने झाले, खूप तापले की ते सुटतात आणि सगळं पाणी मागच्या टायरखाली येतं. हे पाइप वेल्ड केले किंवा पिन मारून पक्के केले का, ते आधी बघा. केले नसतील तर रिंगवर जाऊच नका. तुमच्या मागून येणारा गाडीवाला त्या पाण्यावर घसरेल.

पब्लिकसाठी खुली असते तेव्हा नॉर्डश्लायफ हा टोल भरून जायचा एकेरी रस्ता असतो, आणि वाहतुकीचे नियम लागू असतात. ओव्हरटेक फक्त डावीकडून. आरशात लाइट दिसला की उजवीकडे सरका. विम्याची पॉलिसी काढून बसा आणि त्यात रिंग वगळलीय का ते शब्दन् शब्द वाचा. गार्डरेल वाकवलीत तर तिचं बिल येतं, रिकव्हरी गाडीचं वेगळं.

ब्रेक फ्लुइड नवीन घाला, पॅड अर्ध्याच्या वर हवेत. टायरचा दाब थंड असताना नेहमीचा ठेवा, एक फेरी मारून बाहेर आल्यावर पुन्हा मोजा. वाढलेला असेल, तेवढा कमी करा. घरी निघताना परत भरायला विसरू नका.

आणि गाडीचं वजन लक्षात ठेवा. साठ टक्क्यांहून जास्त वजन मागच्या चाकांवर आहे. ते वळणातून बाहेर पडताना तुमचं असतं, वळणात घाबरून पाय उचललात तर तुमच्याविरुद्ध जातं. पुढचं टोक आत येतं, मागचं बाहेर पळतं. रिंगवरच्या फुक्सर्योरे नावाच्या उतारावर वेग नकळत चढतो आणि खाली गाडी जमिनीला दाबली जाते. लगेच पुढे आडेनाउअर फोर्स्टचं वळण, ते येण्याआधी दिसतच नाही. ब्रेक सरळ रेषेत, लवकर, आणि मग वळणात पाय स्थिर. पहिल्या दोन फेऱ्या धाकट्याने एकट्याने मारू नयेत. ज्याला तो रस्ता पाठ आहे अशा माणसाला शेजारी बसवून हळू जावं. २०.८ किलोमीटरची फेरी आहे, एका दिवसात चार फेऱ्या पुष्कळ झाल्या.

शेवटची फेरी संथ मारा, म्हणजे ब्रेक आणि टर्बो दोन्ही थंड होतात. पार्किंगला आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, दोन मिनिटं चालू द्या. हँडब्रेक ओढू नका. पहिल्या गिअरमध्ये टाकून चाकाखाली लाकडी ठोकळा लावा, आणि तो ठोकळा घरूनच घेऊन या.