मुलगी ‘मिक्स-अप’ होत नाही?

प्रश्न : शाळेच्या फॉर्मवर मी लिहिलं, ‘शी डझ नॉट मिक्स अप विथ अदर चिल्ड्रन.’ बाईंनी ‘अप’वर लाल रेघ मारली. चूक काय? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, बाईंची रेघ बरोबर आहे, पण वाईट वाटून घेऊ नका. मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि जवळजवळ प्रत्येक पालकसभेत हे वाक्य ऐकलं. माणसांत मिसळणं म्हणजे नुसतं ‘मिक्स विथ’. ‘अप’ जोडलं की सहसा गल्लत असा अर्थ होतो : ‘आय मिक्स्ड अप द कीज’, म्हणजे किल्ल्यांची अदलाबदल झाली. चहात साखर घालून चमचा फिरवतो, त्याला नेमका शब्द ‘स्टर’.

या क्रियापदाचा जन्मही गमतीचा आहे. लॅटिन ‘मिक्स्टस’वरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘मिक्स्ट’ आलं. लोकांना ते भूतकाळी रूप वाटलं, म्हणून शेवटचा ‘ट’ काढून १६व्या शतकात ‘मिक्स’ रूढ झालं. आपला ‘मिश्र’ याच प्राचीन कुळातला!

एक मात्र मनापासून सांगते. भात कालवतात, कणीक मळतात, ताक घुसळतात, वरण घोटतात. माझी नात या सगळ्याला ‘मिक्स कर’ म्हणते, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. मुलीशी बोलताना हे शब्द जरूर वापरा.

फॉर्मवर लिहा : ‘शी इज शाय अँड डझंट मिक्स इझिली.’