वाचक विचारतात: पावलं, वाटा आणि पुढे पळणारे नवरे

मागच्या अंकात चालण्यावर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला. सगळी घेता येणार नाहीत, एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि नावं मुद्दामच छापली नाहीयेत कारण अर्ध्या पत्रांत नवऱ्याच्या नाहीतर बायकोच्या तक्रारी आहेत.

ताई, माझं वय ५२. मुलीने हातावर बांधायचं घड्याळ दिलंय, त्यात रोजचं टार्गेट १०,००० पावलं. माझी होतात सहा, फार तर साडेसहा हजार. उरलेली भरून काढायला रात्री पलंगाभोवती फेऱ्या मारते, घरचे हसतात. १०,००० झाली नाहीत तर फायदा होतच नाही का?

आधी ते पलंगाभोवती फिरणं बंद करा, अंधारात करंगळी आपटली की आठवडाभर चालणंच बंद होईल.

आता त्या १०,००० ची गोष्ट. १९६४ ला टोकियोत ऑलिम्पिक झालं, तिथे व्यायामाचं वारं चांगलंच सुटलेलं, आणि १९६५ मध्ये यामासा नावाच्या जपानी कंपनीने कमरेला अडकवायचं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं. नाव काय, तर 'मानपो-केई', म्हणजे शब्दशः दहा हजार पावलांचं मीटर! आकडा गोल, लक्षात ठेवायला सोपा, तो जगभर गेला आणि शेवटी तुमच्या मनगटावर येऊन बसला. डॉक्टरच्या चिठ्ठीतून नाही, जाहिरातीतून पसरलाय तो.

अमेरिकेत २०१९ ला वयस्कर बायकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, सोळा हजारांवर बायका, सरासरी वय ७२. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० च्या आसपास गेल्यावर फायद्याची रेघ जवळपास सपाट झाली. (आता धडधाकट माणूसच मुळात जास्त चालतो हेही खरं, त्यामुळे सगळं श्रेय पावलांना देऊ नका.) जागतिक आरोग्य संघटना तर पावलांचं टार्गेट देतच नाही, ती सांगते आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम. मध्यम म्हणजे किती, तर चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाहीये, इतपत. त्याला घड्याळ लागत नाही, सोबत एखादी बडबडी मैत्रीण पुरते.

माझ्याही हातावर असलं एक होतं. एकदा अर्ध्या वाटेत त्याची बॅटरी संपली आणि मला चक्क घरी परत जावंसं वाटलं, कारण आता पुढचं चालणं 'धरलं जाणार नाही' ना! त्या दिवशी ते ड्रॉवरमध्ये गेलं, अजून तिथेच आहे.

ताई, मी रोज सकाळी पाऊण तास चालतो पण तोच रस्ता, तीच झाडं, दोन महिन्यांत इतका कंटाळा आलाय की पाय निघत नाही. नवीन जागा शोधायला वेळ नाही. हेडफोन लावून बघितले, त्याचाही कंटाळा आला. काय करू?

रस्ता नका बदलू, वेग बदला. म्हणजे पूर्ण पाऊण तास नाही हो, व्यायाम व्हायलाच हवा, पण त्यातली पाच मिनिटं काढा आणि वाटेतल्या एकाच झाडापाशी उभे राहा. रोज तेच झाड. पहिले चार दिवस वेड्यासारखं वाटेल, लोक बघतील, बघू द्या.

मी काय बघते ते सांगते. माझ्या वाटेवरच्या झाडाच्या खोडावर मुंग्यांची रांग असते, कित्येक महिने मी ती नुसती ओलांडून जात होते, मग एकदा बुटाची लेस सुटली म्हणून वाकले आणि नाक अगदी खोडाजवळ आलं तेव्हा दिसलं की वर जाणाऱ्या मुंग्या सडपातळ आहेत आणि खाली येणाऱ्यांची पोटं टम्म फुगलेली, ऊन पडलं की ती पोटं आरपार दिसतात, काचेच्या मण्यासारखी. वाटेत दोघी समोरासमोर आल्या की क्षणभर थांबून मिशांनी एकमेकींना चाचपतात आणि मग पुढे. वरून काय घेऊन येताहेत म्हणून फांदी वाकवून बघितली तर कोवळ्या शेंड्यावर, पानाच्या खालच्या बाजूला मावा, म्हणजे बारीक किडे, चिकटलेला. मावा झाडाचा रस पितो आणि जास्तीची साखर गोड चिकट थेंबांतून बाहेर टाकतो, त्या थेंबांवर ह्यांची सगळी ये-जा. मुंगी मिशीने माव्याच्या पाठीवर टकटक करते, तो थेंब सोडतो, ही पिते. आणि मावा खायला कुणी आलं की ह्याच मुंग्या त्याच्या अंगावर धावून जातात! एका खोडावर एवढं चाललेलं आणि मी म्हणत होते रस्ता बोअर आहे.

आणि तोच रस्ता हा काही कमीपणा नाहीये. चार्ल्स डार्विन इंग्लंडमध्ये डाऊन हाऊसला राहायचा तिथे त्याने घरामागे एक वाट करून घेतली होती, सँडवॉक, वर्षानुवर्षं रोज त्याच वाटेवर फेऱ्या. वळणावर गारगोट्या मांडून ठेवायच्या आणि दर फेरीला एक लाथेने उडवायची, म्हणजे डोक्यात विचार चालू असताना मोजायला नको.

हेडफोनचं म्हणाल तर रस्त्यावर ट्रॅफिक असेल तर नकोच, आणि झाडी असेल तर पक्षी कोण ऐकणार? उजाडायच्या आधी अर्धा तास बाहेर पडून बघा एकदा, त्या वेळेला जेवढं गातात तेवढं दिवसभरात परत नाही. नावं कळत नसली तरी चालतं. मला अजून निम्मी कळत नाहीत, मी त्यांना 'शिट्टीवाला' आणि 'दार करकरणारा' म्हणते.

ताई, ह्यांच्याबरोबर टेकडीवर जायचं म्हणजे शिक्षा आहे. हे पन्नास पावलं पुढे, वर जाऊन थांबतात, मी धापा टाकत पोचले की म्हणतात "चला, झाली ना विश्रांती!" आणि परत सुटतात. मला आवडतं हो डोंगरात, पण असं नाही.

हे पत्र वाचून मी मोठ्याने हसले, कारण ही तक्रार एकट्या तुमची नाही, आठ पत्रांत आहे! नवरोबांना हा परिच्छेद वाचून दाखवा. दादा, विश्रांती तुमची झाली, त्यांची नाही. पुढचा माणूस थांबतो आणि मागचा पोचला की निघतो, म्हणजे ज्याला दमायला होत नाही त्यालाच प्रत्येक वेळी आराम मिळतो आणि जो दमलाय तो सलग चालत राहतो.

उपाय सोपाय. सगळ्यात हळू चालणारा पुढे, वेग त्याचा. आणि कधी थांबायचं तेही तोच ठरवणार. ह्यांना पुढे जायची फारच हौस असेल तर पाण्याच्या सगळ्या बाटल्या ह्यांच्याच पाठीवर द्या, वेग आपोआप जुळतो.

वेळेचा हिशोबही निघायच्या आधी करा म्हणजे घाई होत नाही. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ ला सांगितलेलं गणित अजून वापरतात: सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास, आणि चढ असेल तर दर ६०० मीटर उंचीला आणखी एक तास. म्हणजे १० किलोमीटरची वाट आणि ६०० मीटर चढ असेल तर तीन तास, त्यात थांबणं धरलेलं नाही. आणि हे बऱ्यापैकी फिट माणसाचं गणित आहे, घरच्या मंडळींसाठी मी सरळ दीडपट धरते आणि फोटो काढणारं कुणी असेल तर दुप्पट.

ताई, टेकडी चढताना काही झालं नाही, उतरताना पण ठीक, आणि दोन दिवसांनी जिना उतरताना मांड्या अशा दुखल्या की कठडा धरून उलटं उतरलो. पायाच्या अंगठ्याचं नखही काळं पडलंय. चुकलं काय?

मांड्यांच्या बाबतीत काहीच चुकलं नाही. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकचं काम करतो, म्हणजे लांब होत असतानाच जोर लावतो, त्यात त्याच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते आणि ते दुखणं लगेच येत नाही, साधारण २४ ते ७२ तासांत कळस गाठतं. हळूहळू चालत राहा, जाईल. मजा म्हणजे एकदा असं दुखून गेलं की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने तेवढं दुखत नाही, स्नायू शिकतो. पण दुखणं मांडीत नसून गुडघ्याच्या सांध्यात असेल, सूज असेल, तर मला पत्र नको, डॉक्टर गाठा.

नखाचं मात्र चुकलंय. उतारावर पाय बुटात पुढे सरकतो आणि अंगठा दर पावलाला आपटतो. नखं आधी कापा, सरळ. बूट संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात, आणि पुढे अंगठ्याएवढी जागा राहू द्या. उतरायच्या आधी लेस परत बांधायची: सगळ्यात वरच्या दोन भोकांतून लेस त्याच बाजूला ओवून छोटा फास करायचा, डावीकडची लेस उजव्या फासातून, उजवीकडची डाव्यातून, मग टाच मागे दाबून घट्ट ओढून गाठ. टाच जागची हलत नाही. मी हे शिकायच्या आधी दोन नखं घालवलीत.

पाऊस सुरू झाला की मातीला जो वास येतो तो नक्की कशाचा? आणि अशा वेळी बाहेर फिरायला जावं का?

मातीत राहणारे बॅक्टेरिया जिऑस्मिन नावाचं द्रव्य बनवतात, त्याचा तो मातकट भाग, आणि कोरड्या दिवसांत दगडमातीत मुरलेली वनस्पतींची तेलं त्यात मिसळतात. १९६४ ला ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी ह्या वासाला पेट्रिकोर नाव दिलं. थेंब सच्छिद्र मातीवर पडला की त्यातून बारीक बुडबुडे वर येऊन फुटतात आणि वास हवेत उडवतात, हे धो धो पावसात कमी आणि हलक्या सरीत जास्त होतं, म्हणून सुरुवातीचा वासच भारी.

जावं की, मी तर जातेच. फक्त गडगडाट नको. वीज दिसली की सेकंद मोजा, आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर येतो, तीसच्या आत गडगडलं म्हणजे वीज १० किलोमीटरच्या आत आहे, पक्क्या इमारतीत नाहीतर बंद गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. एकट्या उंच झाडाखाली अजिबात नाही, कितीही ओले झालात तरी.

आई ८१ वर्षांची आहे, पूर्वी रोज फिरायची, आता पाय साथ देत नाहीत. खोलीतच असते आणि गप्प झालीये. तुमच्या सदरात चालणाऱ्यांचंच असतं सगळं. तिच्यासाठी काही आहे का?

आहे, आणि टोमणा पोचला.

इंग्लंडमधल्या जवळपास २०,००० लोकांचा एक अभ्यास २०१९ ला आला, त्यात आठवड्यात एकूण १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांना तब्येत आणि मन दोन्ही बरं असल्याचं जास्त जाणवत होतं, आणि ती १२० मिनिटं एकदम घेतली का तुकड्या-तुकड्यांत, ह्याने फरक पडला नाही. मिनिटं निसर्गात असण्याची आहेत, किलोमीटरचा विषयच नाही. तर व्हीलचेअर असेल तर रोज वीस मिनिटं झाडाखाली न्या आणि घाईघाईने फिरवून आणू नका, एका जागी थांबा. तुमचा फोन खिशात.

बाहेर नेता येत नसेल त्या दिवशी खिडकी. रॉजर उलरिक ह्यांनी १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलच्या नोंदी तपासल्या होत्या, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले पेशंट, काहींच्या खिडकीतून झाडं दिसायची आणि काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना दुखण्यावरची जोरदार औषधंही कमी लागली. पेशंट थोडेच होते, इकडचा एक आणि तिकडचा एक अशा २३ जोड्या, पण खुर्ची फिरवून बघायला आपलं काय जातंय? बऱ्याच घरांत म्हाताऱ्या माणसांची खुर्ची टीव्हीकडे तोंड करून असते.

आणि आईंना काम द्या. पूर्वी रोज फिरायच्या म्हणजे वाटेवरची झाडं त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असणार. तुम्ही फिरून येताना एक पान, एक शेंग, पडलेलं पीस, काहीतरी घेऊन या आणि हातात देऊन विचारा हे कशाचं. ओळखलं तर ठीक, नाही ओळखलं तर उद्या कुठून आणलं ते विचारतीलच. खिडकीबाहेर पक्ष्यांना पाण्याची पसरट वाटी ठेवा, उथळ, दोन बोटं पाणी, आणि ते रोज बदला नाहीतर डास होतात. कोण कधी आलं ह्याची नोंद त्यांनी ठेवायची, वहीत किंवा नुसतं संध्याकाळी तुम्हाला सांगून. महिन्याभराने काय काय आलं ते मला कळवा, पुढच्या अंकात छापते.