आजीचा पाव

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

नाशिकच्या नवश्या गणपतीसमोर आजी हात जोडून म्हणाली, "देवा, माझ्या नातीला पाव." त्यावर तुझा प्रश्न आला, की गणपतीला तर मोदक आवडतात, मग आजी त्याच्याकडे पाव का मागते? आजीला विचारायला लाजलीस म्हणे. लाजू नकोस, फार चांगलं विचारलंस.

मिसळीबरोबर खातो तो पाव मी सध्या राहते त्या पोर्तुगालचा. लिस्बनच्या बेकरीत मी तो 'पाँव' म्हणूनच मागते, फक्त शेवट नाकातून काढायचा. मूळ शब्द लॅटिन, 'पानिस'. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं, त्यांच्या भट्ट्यांबरोबर हा शब्द आपल्याकडे आला. पुढे ते जपानलाही गेले, म्हणून तिथे पावाला 'पान' म्हणतात.

बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे आपल्या गोदावरीकाठच्या बाजारात आजी 'पाव किलो गवार' मागते, तो पाव मात्र घरचाच. संस्कृतात 'पाद' म्हणजे पाय. जनावराला पाय चार, म्हणून एक पाद म्हणजे चौथा हिस्सा. त्यातून किती काय निघालं बघ! 'सपाद', म्हणजे पावासकट, त्याचं झालं सव्वा. 'पादोन', म्हणजे पाव कमी, त्याचं झालं पाऊण. चार आण्यांचं नाणं म्हणजे पाव रुपया, म्हणून ती पावली. आजोबांनी लहानपणी पावकी, म्हणजे पावाचा पाढा, पाठ केली आहे. म्हणून दाखवा म्हटलंस तर एका दमात म्हणतील, आणि खूश होतील.

आता आजीचा पाव. ही वस्तूच नाही, हे क्रियापद आहे: पावणे. संस्कृतात 'प्राप्', म्हणजे पोचणे, मिळणे. प्राकृतात त्याचं 'पाव' झालं. हिंदीतलं 'पाना' त्याच घरातलं. पूर्वी पत्राच्या उत्तरात लिहायचे, 'आपले पत्र पावले', म्हणजे पोचले. पैसे पावले की दुकानदार देतो ती पावती. 'मरण पावले' म्हणतात त्यातही हेच.

देवाच्या बाबतीत 'पाव' म्हणजे प्रसन्न हो. पण खाली तो जुना अर्थ आहेच: देवा, माझ्यापर्यंत ये. आजी त्याच्याकडे वस्तू मागत नाही, तुझ्यासाठी त्यालाच बोलावते. मला तिन्हींत हा पाव सगळ्यांत आवडतो, आणि इतक्या लांब राहून तो रोज माझ्याही तोंडी येतो. लोक आनंदवल्लीच्या त्या गणपतीला नवस बोलतात, तो नवसाला पावतो म्हणतात, म्हणून तो नवश्या.

आरतीनंतर आजोबा 'पतितपावन' म्हणतात, त्यातला 'पावन' मात्र यांच्यातला नाही. तो 'पू' धातूचा, पवित्र करणारा. त्याबद्दल त्यांनाच विचार, ते माझ्यापेक्षा छान सांगतील.

तुझी,
आई