नागपूरच्या उन्हात बॉनेट फार तापतं, एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनातला धूर गोळा करून बाहेर नेणारा पाइप) हीट रॅप (उष्णता अडवणारी काचतंतूंची पट्टी) गुंडाळू का?

रोजच्या गाडीला गुंडाळू नका. रॅपमुळे बॉनेटखालची उष्णता थोडी कमी होते हे खरं, पण ती आत कोंडली जाते आणि मॅनिफोल्डचं लोखंड आणखी तापतं. वर्धा रोडवरच्या गॅरेजमध्ये एका जुन्या जीपचा रॅप मी स्वतः सोडला आहे. आतल्या पाइपवरून गंजाचे पापुद्रे पापडासारखे हातात आले, आणि जोडावर तडा होताच. पावसाळ्यात ही पट्टी स्पंजसारखं पाणी धरून ठेवते, साधं स्टील त्यानेच गंजतं. तिच्यावर ऑइल गळलं तर पेट घ्यायची भीती वेगळीच.

तसंही मेमध्ये बाहेर ४५ अंश असले तरी गाडी जोरात चालवल्यावर मॅनिफोल्ड ५००-६०० अंशांवर जातो. त्याच्यापुढे आपलं ऊन काहीच नाही. गाडी तापते ती बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणाने. आधी हे बघा:

- कंपनीचं हीट शील्ड (मॅनिफोल्डवरचा उष्णता अडवणारा पत्रा) जागेवर आहे का (खडखडतं म्हणून बरेच जण काढून टाकतात, तेच चुकतं)
- रेडिएटरचा पंखा वेळेवर फिरतो का, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) नीट आहे का
- रेडिएटरच्या जाळीत धूळ-कचरा अडकला आहे का

अपवाद एकच: स्टेनलेस हेडर (मूळ मॅनिफोल्डच्या जागी बसवलेले स्टेनलेस स्टीलचे पाइप) लावलेली, फक्त ट्रॅकवर पळणारी गाडी. तिला रॅप चालतो, फक्त दर सीझनला सोडून आतून तपासायचा. आणि गुंडाळताना हातमोजे घाला, काचेचे तंतू दोन दिवस खाजवत बसवतात.