लॅपटॉप घरात आहेच, मग यूएसबी ऑसिलोस्कोप घ्यावा की स्वतंत्र?

तुम्ही लिहिलंय की अर्डुइनो आणि ईएसपी३२ वर छोटे प्रोजेक्ट करता, अधूनमधून ऑडिओ अॅम्प्लिफायर आणि बंद पडलेले एसएमपीएस (मेन्सवरून डीसी देणारे स्विचिंग पॉवर सप्लाय) उघडता, आणि लॅपटॉप असल्यामुळे यूएसबीवाला स्कोप (बदलतं व्होल्टेज लहरीच्या रूपात दाखवणारा ऑसिलोस्कोप, ज्याचा पडदा लॅपटॉपच असतो) घेऊन पैसे वाचवायचा विचार आहे. एसएमपीएस उघडता म्हणालात तिथेच माझ्यापुरतं उत्तर ठरलं. स्वतंत्र, म्हणजे स्वतःचा पडदा असलेला घ्या.

एसएमपीएसच्या प्रायमरी साईडला, म्हणजे मेन्सकडच्या बाजूला, २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय होऊन मोठ्या कपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी उभा असतो. त्या कपॅसिटरची निगेटिव्ह बाजू ग्राउंडसारखी दिसते, पण ब्रिज रेक्टिफायरच्या डायोडमधून ती थेट मेन्सला जोडलेली असते. प्रोबची ग्राउंड क्लिप मात्र साध्या यूएसबी स्कोपमध्ये यूएसबीच्या ग्राउंडला, तिथून कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला आणि तीन पिनी प्लगमधून अर्थला जाते. क्लिप तिथे लावली की ब्रिज उडतो, एमसीबी पडते आणि तो सगळा करंट तुमच्या मदरबोर्डवरून गेलेला असतो.

‘मग लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवा’ हा सल्ला सर्रास मिळतो. ऐकू नका. शॉर्ट टळतो, पण यूएसबी पोर्टचं धातूचं आवरण, आणि बॉडी धातूची असेल तर अख्खा लॅपटॉप मेन्सवर जातो. तुमचे हात तेव्हा कीबोर्डवर असतात. स्वतंत्र स्कोपची क्लिपसुद्धा सहसा अर्थलाच असते, त्यामुळे तोही हॉट साईडला, म्हणजे मेन्सला जोडलेल्या त्या बाजूला, थेट लावायचा नाही. त्यासाठी अर्थचा संबंध न आणता दोन बिंदूंमधला फरक मोजणारा डिफरन्शियल प्रोब लागतो. (प्लगची अर्थ पिन काढून स्कोप ‘फ्लोट’ करणारे महाभाग भेटतील. त्यांना नमस्कार करून पुढे व्हा.) पण काही गडबड झालीच तर लॅपटॉप त्या भानगडीत नसतो, हे काही थोडं नाही.

आता ट्रिगर, म्हणजे लहर नेमकी कुठल्या क्षणी पकडायची ते ठरवणारी सोय. स्वस्त यूएसबी स्कोपमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा म्हणजे हँटेक ६०२२बीई: दोन चॅनल, २० मेगाहर्ट्झ, ८ बिट, सेकंदाला ४ कोटी ८० लाख सॅम्पल. त्याच्याकडे स्वतःची मेमरी जवळपास नाही. सॅम्पल गठ्ठ्यागठ्ठ्याने लॅपटॉपकडे जातात आणि ट्रिगर तिथलं सॉफ्टवेअर शोधतं. पुन्हापुन्हा येणारी लहर असेल तर काही बिघडत नाही. पण तुमचा ईएसपी३२ वायफाय सुरू होताना मधूनच रीसेट होतोय असं धरा. रेडिओ चालू झाला की तो क्षणभर काहीशे मिलिअँपिअर ओढतो, आणि बारीक यूएसबी केबल किंवा ब्रेडबोर्डमुळे ३.३ व्होल्टची रेषा खचते. स्वतंत्र स्कोपवर ट्रिगर फॉलिंग एजला (व्होल्टेज खाली येतानाच्या कडेला), लेव्हल ३ व्होल्टवर आणायची, ‘सिंगल’ दाबायचं आणि बोर्ड चालू करायचा. खड्डा पडद्यावर गोठतो, किती खोल आणि किती वेळ ते मोजता येतं. मग मॉड्यूलच्या अगदी पायाशी ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून पुन्हा बघा, किती भरला ते. स्वस्त यूएसबी स्कोपवर वेगवान सॅम्पलिंगला हाच खड्डा दोन गठ्ठ्यांच्या मधल्या फटीत हरवू शकतो, आणि तुम्ही म्हणणार की सप्लाय ठीक आहे.

सगळे यूएसबी स्कोप असे नसतात. पीकोस्कोप २२०४ए मध्ये हार्डवेअर ट्रिगर आहे, सॉफ्टवेअर फार छान आहे, शिवाय सिग्नल जनरेटरही आत मिळतो. पण बँडविड्थ (किती वेगवान लहर नीट दिसते त्याची मर्यादा) १० मेगाहर्ट्झ आणि मेमरी फक्त ८ हजार सॅम्पलची. आयसोलेटेड (कॉम्प्युटरच्या ग्राउंडपासून तोडलेल्या) इनपुटवालेही येतात, पण ते आपल्या बजेटचं काम नाही.

बँडविड्थचं एक उदाहरण देतो. अर्डुइनो ऊनोचा क्लॉक १६ मेगाहर्ट्झ. चौकोनी लहर चौकोनी दिसायला तिचा तिसरा हार्मोनिक (मूळ वारंवारितेच्या तिप्पट वेगाचा भाग) तरी हवा, म्हणजे ४८ मेगाहर्ट्झ. २० मेगाहर्ट्झच्या स्कोपवर ती जवळपास साईन वेव्ह दिसेल, आणि ६०२२बीईला एका आवर्तनात मिळतात मोजून तीन सॅम्पल. रायगॉल डीएस१०५४झेड हा ५० मेगाहर्ट्झचा, चार चॅनलचा जुना लोकप्रिय स्कोप एका चॅनलवर सेकंदाला १०० कोटी सॅम्पल घेतो, चारही चालू केले तरी २५ कोटी. नवा घेणार असाल तर त्याच कंपनीचा डीएचओ८०४ बघा: ७० मेगाहर्ट्झ आणि १२ बिट.

नॉब हातात असण्याचं सुख आकड्यांत सांगता येत नाही. एका हातात प्रोब धरलेला असताना माऊसने व्होल्ट पर डिव्हिजन बदलून बघा, कळेल.

कॉम्प्युटरची बाजू ऑडिओत मात्र भक्कम आहे. ८ बिट म्हणजे २५६ पायऱ्या. अॅम्प्लिफायरचं अर्धा टक्का डिस्टॉर्शन त्यात नजरेला दिसणारच नाही. चांगल्या २४ बिट साउंड कार्डवर एफएफटी (लहर वेगवेगळ्या वारंवारितांत फोडून दाखवणारं गणित) लावलं तर ते स्पष्ट दिसतं. फक्त स्पीकर आउटपुट थेट लाईन इनला जोडू नका, आधी रेझिस्टर डिव्हायडर लावा, आणि अॅम्प्लिफायर ब्रिज टाईप (स्पीकरची दोन्ही टोकं चालवणारा) असेल तर त्याच्या कुठल्याच आउटपुट टोकाला ग्राउंड जोडू नका.

आय२सी, एसपीआय, सिरियल असा चिपांमधला डेटा वाचायचा असेल तर त्यासाठी आठ चॅनलचा, २४ मेगाहर्ट्झवाला स्वस्त यूएसबी लॉजिक अॅनालायझर वेगळा घ्या. पल्सव्ह्यू हे फुकट सॉफ्टवेअर त्यावर चालतं आणि बाईट उलगडून दाखवतं. लोकांना यूएसबी स्कोपकडून जे हवं असतं त्यातलं बरंचसं हे छोटं डबडं करतं, त्यामुळे स्वतंत्र स्कोप आणि हे, अशी जोडी मी सुचवेन.

नव्याला पैसे नसतील तर जुना सीआरओही (पिक्चर ट्यूबवाला ऑसिलोस्कोप) चालेल. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात पासोड्या विठोबाजवळची दुकानं पालथी घाला. पैसे देण्याआधी प्रोब १०एक्स वर (सिग्नल दहापट कमी करणाऱ्या सेटिंगवर) ठेवून स्कोपच्याच कॅलिब्रेशनच्या टोकाला लावा, तिथे बहुधा १ किलोहर्ट्झची चौकोनी लहर असते. कोपरे गोल किंवा टोकदार दिसले तर प्रोबवरचा बारीक स्क्रू फिरवून ते सरळ होतात का बघा. दोन्ही चॅनलवर करा, आणि व्होल्ट पर डिव्हिजनचा नॉब प्रत्येक पायरीवर फिरवा. रेषा उड्या मारत असेल तर आतले स्विच झिजलेत, किंमत पाडून मागा.