जीएसटी आतला की वरचा, आधी ते बघ
भावा, दुकान नवीन आहे म्हणून सांगतो, १८ टक्केवाल्या मालावर टॅक्स लावणं सोपंय, १००० ला १.१८ ने गुण, ११८० आले. गडबड होते ती उलटं करताना, म्हणजे टॅक्स धरून आलेल्या रकमेतून मूळ किंमत काढताना. ११८० मधून सरळ १८ टक्के वजा केलेस तर ९६७.६० येतील आणि ते साफ चूक, कारण टॅक्स १००० वर लागलेला असतो, ११८० वर नाही, म्हणून १.१८ ने भागायचं. ५ टक्के असेल तर १.०५ ने. १८ टक्केवाल्या मालाच्या बिलात राज्यातल्या राज्यात सीजीएसटी (केंद्राचा वाटा) ९ टक्के, एसजीएसटी (राज्याचा वाटा) ९ टक्के, बाहेरच्या राज्यात आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा एकच टॅक्स) १८ टक्के. आणि एमआरपीवर वेगळा जीएसटी कधीच लावू नकोस, तो आतच असतो, गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं होतं ते. डिस्काउंट बिलावरच दाखवलास तर तो आधी वजा कर, मग टॅक्स.