शहराला लागून असलेले इंग्लिश खेडे खरोखर खेडे असते का?

प्रश्न असा आहे: नोकरीनिमित्त आम्ही इंग्लंडमधील स्लाव (Slough) येथे येत आहोत. तेथून जवळच असलेल्या स्टोक पोजेस या खेड्यात घर घ्यावे का, आणि ते खरोखर खेडे आहे की स्लावचेच उपनगर?

मी स्लावच्या उत्तर भागात राहतो आणि सुटीच्या दिवशी पायी फिरायला बहुधा स्टोक पोजेसच्याच बाजूला जातो. तेव्हा हे उत्तर शेजाऱ्याचे आहे, गावकऱ्याचे नाही. ते उपनगर नाही. मात्र कायदा, पैसा आणि काही माणसांचा हट्ट यांनी त्याला खेडे ठेवले आहे, आणि तेथे घर घेताना तुम्ही या तिन्हींची किंमत मोजणार आहात.

स्लावची लोकसंख्या 2021 च्या जनगणनेनुसार दीड लाखाहून अधिक आहे आणि त्यांतील निम्म्याच्या जवळपास लोक आशियाई वंशाचे आहेत. स्टोक पोजेसची वस्ती पाचेक हजारांची. स्टेशनच्या उत्तरेकडून जाणाऱ्या स्टोक रोडने चालत निघालात, तर जोडघरांच्या रांगा संपून उंच झाडी आणि मोकळी कुरणे लागतात. गंमत अशी की आजच्या स्लावचा बराचसा उत्तर भाग एकेकाळी स्टोक पोजेसच्याच पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत, होता. म्हणजे शहराने या गावाचा एक लचका पूर्वीच तोडलेला आहे.

उरलेले गाव कसे टिकले, याची गोष्ट मला फार आवडते. गावातील सेंट जाइल्स चर्च मुख्य वस्तीपासून दूर, शेतांच्या बाजूला आहे. 1751 साली प्रसिद्ध झालेली कवी थॉमस ग्रे यांची स्मशानातील विलापिका (शोककविता) याच चर्चच्या आवाराशी जोडली जाते आणि ग्रे यांना तेथेच, त्यांच्या आईच्या थडग्यात पुरले आहे. विटांच्या त्या साध्या थडग्यावर आईसाठी त्यांनी लिहिलेला मजकूर आहे: अनेक लेकरांची ती प्रेमळ आई होती आणि तिच्यामागे जगण्याचे दुर्दैव त्यांतील एकाच्याच वाट्याला आले. ते एक म्हणजे स्वतः ग्रे. त्यांचे नाव मात्र थडग्यावर नाही. समोर चर्चच्या भिंतीत बसवलेली पाटी वाचल्यावरच ते येथे आहेत हे कळते. प्रथम जाणारे बहुतेक लोक थडग्यावर नाव शोधत राहतात.

पहिल्या महायुद्धानंतर स्लावच्या पश्चिमेला लष्करी वाहनांचा डेपो होता. 1920 साली तो एका खासगी कंपनीने विकत घेतला आणि त्यातून स्लावची प्रचंड औद्योगिक वसाहत उभी राहिली. मार्स चॉकलेटचा कारखाना तेथे 1932 साली आला. त्या वसाहतीचे प्रमुख सर नोएल मॉब्स. कारखान्यांमागून कामगारांची घरे आली आणि ती चर्चच्या दिशेने सरकणार हे उघड दिसू लागले, तेव्हा याच मॉब्स यांनी 1930 च्या दशकात चर्चलगतच्या जमिनीवर अस्थिरक्षेसाठी स्मृतिउद्यान उभारले. चर्चच्या परिसराची शांतता कायम राहावी हा त्यामागील हेतू होता. ज्या माणसाने शहर फुगवले त्यानेच गावाच्या वेशीवर बांधकामाला अडसर घातला, यात विसंगती आहे खरी. पण इंग्लिश खेडी अशाच विसंगतीवर तग धरून असतात, असे माझे मत झाले आहे.

पुढचे काम कायद्याने केले. लंडनभोवतीच्या हरितपट्ट्यात हा परिसर येतो आणि तेथे नवे बांधकाम अपवाद म्हणूनच मंजूर होते. दडपण अर्थात कायम आहे. स्लावला घरे बांधायला जागा उरलेली नाही, म्हणून शहराची वाढ उत्तरेकडे करण्याची कल्पना पुढे आली आणि स्टोक पोजेस ज्यात येते त्या बकिंगहॅमशायर काउंटीच्या बाजूने तिला विरोध झाला. डिसेंबर 2024 मध्ये राष्ट्रीय नियोजन धोरणात ‘ग्रे बेल्ट’ (करडा पट्टा) ही नवी वर्गवारी आल्यापासून हरितपट्ट्यातील कमी महत्त्वाच्या जमिनींवर घरे बांधणे थोडे सुकर झाले आहे. तेव्हा खिडकीतून दिसणारे कुरण पुढेही कुरणच राहील, असे गृहीत धरून जास्तीचे पैसे मोजू नका.

अंबानींचे घर कोठले, हा प्रश्न भारतातील नातेवाईक तुम्हाला विचारणारच. रिलायन्सने 2021 साली 5.7 कोटी पौंडांना घेतलेले स्टोक पार्क, म्हणजे जुना वाडा आणि भोवतीचे गोल्फचे मैदान, याच गावात आहे. तुमच्या निर्णयाशी त्याचा काही संबंध नाही.

संबंध आहे तो सीमेचा. स्लावची नगरपालिका स्वतंत्र आहे, तर स्टोक पोजेस बकिंगहॅमशायर कौन्सिलखाली येते. दोन्हीकडे ग्रामर शाळा, म्हणजे परीक्षा घेऊन मुले निवडणाऱ्या सरकारी शाळा, असल्या तरी अकराव्या वर्षीच्या प्रवेशपरीक्षा वेगळ्या आहेत, त्यामुळे मुले लहान असतील तर घराआधी शाळांचे प्रवेशक्षेत्र पाहावे. जुने घर घेऊन मागे ऐसपैस खोल्या काढण्याचा विचार असेल, तर हरितपट्ट्यात मूळ घराच्या मानाने फार मोठी वाढ सहसा मंजूर होत नाही, हेही आधी विचारून घ्यावे. स्लाव स्टेशनवरून एलिझाबेथ लाइनने थेट मध्य लंडनला जाता येते. पण गावातून स्टेशनपर्यंत यायला रात्री उशिरा बसच्या भरवशावर राहता येत नाही, म्हणून दोघेही नोकरी करणार असाल तर दोन गाड्यांचा खर्च धरा. कढीपत्ता, पोहे आणि गप्पांना मराठी माणसे स्लावमध्येच भेटतील. मी तुमच्या जागी असतो, तर पहिले वर्ष स्लावच्या उत्तर भागात भाड्याने राहिलो असतो आणि एक हिवाळा पाहूनच गावात घर शोधायला लागलो असतो.